पास होणारी व्हेक्टर टेस्ट खरंच काही तपासते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीसीसी या कंपायलरमध्ये रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या व्हेक्टर एक्स्टेन्शनसाठी (एकाच इन्स्ट्रक्शननं अनेक संख्यांवर काम करणारा भाग), म्हणजे आरव्हीव्हीसाठी, तुम्ही टेस्ट केसेसचा पॅच दिला. सगळ्या टेस्ट पास होतात. तरी रिव्ह्यूअरनं "बऱ्याच टेस्ट नाजूक आहेत आणि काही तर काहीच तपासत नाहीत" असं लिहून पॅच परत पाठवला. आता त्या सुधारायच्या कशा, आणि उद्या दुसऱ्याच्या टेस्ट तपासायची वेळ आली तर काय बघायचं?

मी प्रत्येक टेस्टला दोनच गोष्टी विचारतो. कंपायलर बिघडला तर ही फेल होईल का? आणि कंपायलर बिघडलेला नसताना ही उगाच फेल होणार नाही ना? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर टेस्ट पोकळ आहे. दुसऱ्यात गडबड असेल तर ती नाजूक आहे. तुमच्या रिव्ह्यूअरनं या दोन्ही तक्रारी एका वाक्यात केल्या आहेत, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पोकळ टेस्ट जास्त घातक, म्हणून आधी तिच्याकडे वळू.

पोकळ टेस्ट नुसती वाचून सापडत नाही. ती शोधायला कंपायलर मुद्दाम मोडावा लागतो. पॅचसोबत आलेली टेस्ट असेल तर पॅच लावण्याआधीच्या बिल्डवर ती चालवा. इन्स्ट्रक्शन निवडीची टेस्ट असेल तर मशीन डिस्क्रिप्शनमधल्या (कुठल्या कामाला कुठली इन्स्ट्रक्शन काढायची ते सांगणाऱ्या फाइलींमधल्या) त्या पॅटर्नची अट खोटी करा आणि पुन्हा बिल्ड करा. ऑटोव्हेक्टरायझेशनची (साध्या लूपचा कंपायलरनं स्वतःहून व्हेक्टर कोड करण्याची) असेल तर फक्त व्हेक्टरायझर बंद करणारा पर्याय द्या. टेस्ट फेल झालीच पाहिजे. झाली नाही, तर ती कशामुळे पास होतेय ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात वेळ जातो, पण रिव्ह्यूमधला सगळ्यात मोलाचा वेळ हाच असतो. (मशीन डिस्क्रिप्शन वाचायची सवय नसेल, तर आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं घेतलेल्या कार्यशाळांचं साहित्य अजूनही उपयोगी पडतं. आवृत्ती जुनी आहे, पण आरटीएल (जीसीसीच्या आतलं कोडचं रूप) आणि पॅटर्नची समज त्यातून पक्की होते.)

टेस्ट पोकळ राहण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण आधी सांगतो. समजा फाइलचं नाव आहे "व्हीअ‍ॅड-व्हीव्ही-१.सी", आत फंक्शन आहे "टेस्ट_व्हीअ‍ॅड_व्हीव्ही", आणि शेवटी स्कॅन-असेंब्लरला, म्हणजे कंपायलरनं काढलेल्या असेंब्लीत मजकूर शोधणाऱ्या तपासणीला, पॅटर्न दिलाय "व्हीअ‍ॅड.व्हीव्ही". रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये मोकळ्या टिंबाचा अर्थ "कुठलंही एक अक्षर". म्हणजे तिथे टिंब असलं तरी चालतं, अंडरस्कोर असला तरी चालतं, आडवी रेघ असली तरी चालतं. आता असेंब्ली फाइल उघडून बघा. पहिल्याच ओळींत सोर्स फाइलचं नाव असतं, मग ग्लोबल डिरेक्टिव्हमध्ये फंक्शनचं नाव, टाइप डिरेक्टिव्हमध्ये पुन्हा तेच, लेबलमध्ये पुन्हा, साइझ डिरेक्टिव्हमध्ये आणखी दोनदा. एकही व्हेक्टर इन्स्ट्रक्शन नसताना पॅटर्न पाच-सहा वेळा जुळतो! किती वेळा जुळावं याचा आकडा मागणारं स्कॅन वापरलं तरी सुटका नाही, कारण लोक जो आकडा येतो तोच अपेक्षित म्हणून लिहितात. त्या आकड्यात खरी इन्स्ट्रक्शन एक असते आणि बाकी सगळी नावं.

उपाय सोपा आहे. पॅटर्न महिरपी कंसात लिहा, टिंबाआधी बॅकस्लॅश द्या, आणि इन्स्ट्रक्शनच्या आधी व नंतर टॅब असल्याचं पॅटर्नमध्येच मागा. दुहेरी अवतरणात लिहिलं तर टीसीएल (या टेस्ट चालवणारी स्क्रिप्टची भाषा) एक बॅकस्लॅश स्वतःच खातं, म्हणून तिथे दोन द्यावे लागतात. महिरपी कंसात एक पुरतो, म्हणून मी तेच सुचवतो.

याचाच भाऊ म्हणजे "अमुक इन्स्ट्रक्शन असता कामा नये" असं सांगणारं स्कॅन. त्यात इन्स्ट्रक्शनच्या नावात एका अक्षराची चूक झाली तर टेस्ट कायमची पास, कारण ते चुकीचं नाव असेंब्लीत कधीच येणार नाही. अशी ओळ दिसली की मी लेखकाकडे जुन्या बिल्डवरचा फेल झालेला लॉग मागतोच. आणि नकारात्मक स्कॅन एकटं ठेवू नका. त्याच्या जोडीला "त्याऐवजी हे आलं पाहिजे" असं एक सकारात्मक स्कॅन हवं. नाहीतर उद्या लूपच उडाला, तरी नको असलेली इन्स्ट्रक्शन नाही म्हणून टेस्ट खूश.

डेजाग्नूची, म्हणजे जीसीसीच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाची, एक खोड इथेच सांगतो. टेस्ट कशी चालवायची ते सांगणाऱ्या डिरेक्टिव्हच्या महिरपी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. ती राहिली तर डिरेक्टिव्ह गपचूप दुर्लक्षित होतं, एररही येत नाही. "रन" म्हणून लिहिलेली टेस्ट मग नुसती कंपाइल होते आणि पास म्हणून नोंदली जाते. म्हणून निकालांचा गोषवारा देणाऱ्या सम (sum) फाइलमध्ये फक्त फेलचा आकडा बघू नका. तुमच्या प्रत्येक फाइलसमोर "एक्झिक्यूशन टेस्ट" अशी ओळ आहे का, आणि अनसपोर्टेडच्या यादीत तुमची फाइल गेली आहे का, हे डोळ्यांनी बघा.

आता रन टेस्टकडे, म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम चालवून उत्तर तपासणाऱ्या टेस्टकडे. इथे पोकळपणा कोडच्या रचनेत लपतो. नेहमीची रचना अशी: एक फंक्शन व्हेक्टराइझ होणार, आणि मेनमध्ये एक साधा लूप त्याच गोष्टीचं अपेक्षित उत्तर काढून तुलना करणार. पण तो "साधा" लूपही त्याच फाइलमध्ये, त्याच ऑप्टिमायझेशन पातळीवर कंपाइल होतो. कंपायलर त्यालाही व्हेक्टराइझ करतो, त्याच चुकीच्या पॅटर्ननं. दोन चुकीची उत्तरं एकमेकांशी तंतोतंत जुळतात. जीसीसी १४ पासून लूपच्या डोक्यावर "नोव्हेक्टर" प्रॅग्मा देता येतो, तो तुलनेच्या लूपवर द्या. त्याहून बरं म्हणजे अपेक्षित उत्तरं आधीच काढून तक्त्यात लिहून ठेवणं. ज्या फंक्शनची परीक्षा आहे त्याला "नोआयपीए" अ‍ॅट्रिब्यूट द्या. नाहीतर इनपुट कॉन्स्टंट आहे हे कंपायलरला दिसतं, तो सगळं उत्तर कंपाइल करतानाच काढून टाकतो आणि तुमची इन्स्ट्रक्शन कधी चालतच नाही.

इनपुट निवडणं हा माझ्या मते या कामाचा सगळ्यात रसाळ भाग आहे, म्हणून एक उदाहरण नीट उलगडतो. आरव्हीव्हीत सरासरी काढणारी बेरीज आहे: दोन संख्या मिळवायच्या आणि एक बिट उजवीकडे सरकवायचं. अर्धा उरला तर त्याचं काय करायचं हे व्हीएक्सआरएम नावाचं कंट्रोल रजिस्टर ठरवतं. त्याचे चार मोड आहेत: अर्धा वर नेणारा, अर्धा जवळच्या सम संख्येकडे नेणारा, खाली कापणारा, आणि काही सांडलं तर शेवटचं बिट एक करून निकाल विषम करणारा. कंपायलरची जबाबदारी म्हणजे इन्स्ट्रक्शनआधी योग्य मोड लिहिणं. या कामासाठी आलेल्या कितीतरी टेस्टमध्ये इनपुट १० आणि २०, ४ आणि ६ असं असतं. बेरीज सम, अर्धा उरतच नाही, चारही मोडमध्ये उत्तर एकच. कंपायलरनं मोड लिहिलाच नाही तरी टेस्ट पास.

आता १ आणि २ घ्या. सरासरी दीड. पहिले दोन मोड २ देतात, पुढचे दोन १ देतात. त्याच्या जोडीला ० आणि १ घ्या. सरासरी अर्धा. पहिला मोड १ देतो, दुसरा ०, तिसरा ०, चौथा १. दोन जोड्यांची उत्तरं शेजारी ठेवली तर पहिला मोड २ आणि १, दुसरा २ आणि ०, तिसरा १ आणि ०, चौथा १ आणि १. चारही वेगळे ओळखू आले. दोन जोड्यांत जे काम होतं ते हजार रँडम संख्यांची टेबलं ओतूनही वाचणाऱ्याला कळत नाही. सॅच्युरेटिंग (मर्यादेला पोहोचली की तिथेच थांबणाऱ्या) बेरजेचंही तसंच: आठ बिटांत १०० अधिक १०० चं उत्तर १२७ आणि उणे १०० अधिक उणे १०० चं उणे १२८, या दोन काठांवरच तिची परीक्षा होते. मधल्या संख्यांत ती साध्या बेरजेसारखीच वागते.

काठांचा दुसरा प्रकार लांबीचा. आरव्हीव्हीमध्ये रजिस्टर किती बिटांचं आहे हे हार्डवेअर ठरवतं. व्ही एक्स्टेन्शनला किमान १२८ बिटं लागतात, वरची मर्यादा ६५,५३६. बाजारात वेगवेगळ्या रुंदीचे नमुने आहेत: बनाना पाय एफ३ बोर्डावरच्या चिपमध्ये २५६ बिटांची रजिस्टरं आहेत, केंड्राइट के२३० मध्ये १२८. अ‍ॅरेची लांबी १६ किंवा ६४ ठेवली तर ३२ बिटांच्या घटकांसाठी सगळं छान भागलं जातं आणि शेवटचा अर्धवट फेरा येतच नाही. १, १५, १७, १२७ अशा लांब्या घ्या. अ‍ॅरेच्या पुढे-मागे ओळखीची संख्या भरून थोडी जागा राखा आणि शेवटी ती अबाधित आहे का बघा. क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर) रजिस्टरची लांबी १२८, २५६, ५१२, १०२४ अशी बदलून तीच बायनरी चालवा. ५१२ ला तर खास कारण आहे. आठ बिटांचे घटक आणि आठ रजिस्टरांचा गट घेतला की एका गटात ५१२ घटक बसतात, आणि आठ बिटांच्या इंडेक्सनं २५५ च्या पुढचं काही उचलता येत नाही. इंडेक्सनं घटक उचलणाऱ्या गॅदर इन्स्ट्रक्शनचं सोळा बिटी इंडेक्सचं रूप त्यासाठीच आहे. १२८ आणि २५६ वर निर्धास्त चालणारा कोड इथे आपटतो.

व्हेक्टर लांबीबद्दल (एका वेळी किती घटकांवर काम होणार याबद्दल) आणखी एक गैरसमज टेस्टमध्ये घुसतो. मागितलेले घटक रजिस्टरच्या कमाल क्षमतेपेक्षा जास्त, पण दुपटीपेक्षा कमी असतील, तर हार्डवेअरनं कमालच द्यायला हवी असं स्पेसिफिकेशन म्हणत नाही. मागणीच्या निम्म्यापासून कमाल क्षमतेपर्यंत काहीही चालतं. "दोन्हींतलं लहान ते मिळणार" हे गृहीत धरून लिहिलेली अपेक्षा एका मशीनवर खरी आणि दुसऱ्यावर खोटी ठरते.

आणि टेल पॉलिसी, म्हणजे व्हेक्टर लांबीच्या पुढे उरलेल्या घटकांचं काय करायचं याचा नियम. यावर जरा थांबतो, कारण इथल्या पोकळ टेस्ट सहसा कुणाच्याच नजरेत येत नाहीत. समजा ३२ बिटांचे घटक, २५६ बिटांचं रजिस्टर, म्हणजे आठ घटक, आणि व्हेक्टर लांबी ५. उरलेल्या तीन घटकांचं काय? "अनडिस्टर्ब्ड" मागितलं असेल तर जुन्या किमती राहिल्याच पाहिजेत. "अ‍ॅग्नॉस्टिक" असेल तर हार्डवेअर त्या ठेवू शकतं किंवा सगळी बिटं एक करू शकतं. जीसीसीचा व्हीसेटव्हीएल पास (कंपायलरचा एक टप्पा) शेजारशेजारच्या कॉन्फिगरेशन इन्स्ट्रक्शन (लांबी आणि टेल पॉलिसी ठरवणाऱ्या, व्हीसेटव्हीएलआयसारख्या) एकत्र करतो. त्यात चूक झाली तर अनडिस्टर्ब्ड मागणारी बेरीज अ‍ॅग्नॉस्टिक कॉन्फिगरेशनखाली चालते.

ही चूक पकडायला लिहिलेल्या टेस्टमध्ये दोन भोकं असतात. पहिलं, निकाल मेमरीत साठवताना तीच लांबी ५ वापरलेली असते. टेलचे तीन घटक मेमरीत जातच नाहीत, मग तपासणार काय? साठवण कमाल लांबीनं करायला हवी. दुसरं भोक जास्त खोल आहे. क्यूईएमयू नेहमीच्या स्थितीत अ‍ॅग्नॉस्टिक टेललाही हात लावत नाही. म्हणजे कंपायलर चुकला तरी जुन्या किमती तशाच राहतात आणि टेस्ट पास होते. खऱ्या चिपवर, जिथे टेल एकांनी भरली जाते, तिथेच ती फुटणार. यासाठी क्यूईएमयूच्या सीपीयू पर्यायांत "आरव्हीव्ही-टीए-ऑल-१एस" आणि मास्कसाठी (कुठले घटक वगळायचे ते सांगणाऱ्या बिटांसाठी) "आरव्हीव्ही-एमए-ऑल-१एस" असे दोन गुणधर्म आहेत. ते चालू करून सगळा आरव्हीव्ही टेस्ट सूट एकदा चालवा. मी हे प्रत्येक व्हेक्टर पॅचला करायला लावतो. कुणी कुरकुर केली तरी.

आता नाजूकपणा. याचं मूळ बहुतेकदा एकच: टेस्टला जे सांगायचं नाही त्यावरही ती अडून बसते. रजिस्टरचा नंबर, इन्स्ट्रक्शनचा क्रम, व्हीसेटव्हीएलआय किती वेळा आली, लूप किती वेळा उलगडला. रजिस्टर वाटप बदललं आणि आठ नंबरऐवजी नऊ नंबर आलं की टेस्ट लाल, आणि पुढचा माणूस विचार न करता आठचं नऊ करतो. नंबर महत्त्वाचा नसेल तर तिथे "कुठलंही व्हेक्टर रजिस्टर" असा पॅटर्न द्या. पण सरसकट नाही. मास्क व्ही-शून्यातच असावा लागतो, तिथे नंबर लिहायलाच हवा. फंक्शनचे आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून येतात याचीच टेस्ट असेल तर नंबर हाच विषय आहे. आणि गॅदर, स्लाइड-अप, कॉम्प्रेस या घटकांची जागा बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये निकालाचं रजिस्टर सोर्सवर चढता कामा नये हा नियम आहे. तो असेंब्लीच्या पॅटर्नमधून तपासायच्या भानगडीत न पडता रन टेस्ट द्या. क्यूईएमयू तिथे इल्लीगल इन्स्ट्रक्शन देऊन थांबतं.

व्हीसेटव्हीएलआयची मोजदाद ही व्हीसेटव्हीएल पासच्या टेस्टचं काम आहे, बेरजेच्या टेस्टचं नाही. बेरजेच्या टेस्टमध्ये ती दिसली की मी काढायला सांगतो. ऑटोव्हेक्टरायझेशनच्या टेस्टमध्ये गट किती रजिस्टरांचा असावा आणि कॉस्ट मॉडेल (व्हेक्टर कोड फायद्याचा ठरेल का याचा कंपायलरचा अंदाज) चालू की बंद, हे पर्यायांत स्पष्ट लिहा. कॉस्टचे आकडे प्रत्येक रिलीजमध्ये बदलतात, आणि त्यावर टेकलेली टेस्ट तुमच्या पॅचशी काही संबंध नसलेल्या माणसाचा दिवस खाते.

एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरमध्ये रीत उलटी आहे. तिथे स्क्रिप्ट चालवली की अपेक्षित असेंब्ली ओळ न् ओळ टेस्टमध्ये लिहिली जाते, रजिस्टर नंबरांसकट. मला ती रीत वाईट वाटत नाही, बदल डिफमध्ये लगेच दिसतो. पण स्क्रिप्टला बरोबर-चूक कळत नाही. कंपायलरनं चुकीचा कोड काढला तर ती चुकीचा कोडच अपेक्षित म्हणून लिहील. म्हणून तिथे टेस्ट आधीच्या कंपायलरच्या निकालासह वेगळ्या कमिटमध्ये टाकायची आणि मग बदलाच्या कमिटमध्ये फक्त फरक दाखवायचा. तो फरक ओळीगणिक वाचणं हाच तिथला रिव्ह्यू.

बग रिपोर्टमधून आकसून आणलेल्या टेस्टबद्दल एक गोष्ट. आकसणारी साधनं फक्त "अजून फेल होतंय ना" एवढंच बघतात, त्यामुळे उरलेल्या कोडमध्ये इनिशियलाइझ न केलेली व्हेरिएबल आणि सीमेबाहेरचं वाचन सर्रास राहतं. होस्ट मशीनवर सॅनिटायझर (अशा चुका चालताना पकडणारी तपासणी) लावून आधी चालवा. साइन्ड ओव्हरफ्लो हा सीमध्ये अनडिफाइंड आहे, तेव्हा गुंडाळून येणारी बेरीज तपासायची असेल तर अनसाइन्ड प्रकार वापरा.

फ्लोटिंग पॉइंटच्या बेरजेत पर्याय नीट बघा: गणिताचे नियम सैल केले नसतील तर क्रमवार रिडक्शन (सगळ्या घटकांचा एकच निकाल काढणारी) इन्स्ट्रक्शन यायला हवी, सैल केले असतील तर क्रम न पाळणारी. दोन्हींच्या वेगळ्या टेस्ट करा.

एक बारीक पण हमखास अडवणारी गोष्ट: टेस्टमध्ये ६४ बिटांचं आर्किटेक्चर आणि एबीआय (फंक्शन कॉलचे बायनरी पातळीवरचे नियम) स्वतःहून दिलेले असतील, तर पूर्णांक प्रकारांची नावं देणारा नेहमीचा स्टडइंट हेडर घेऊ नका. ३२ बिटी टूलचेनवर सूट चालवणाऱ्याकडे त्या एबीआयची ग्लिबसीची (सीच्या मानक लायब्ररीची) स्टब फाइल नसते आणि टेस्ट हेडरपाशीच मरते. आरव्हीव्हीच्या जुन्या टेस्टमध्ये जीसीसीचा स्वतःचा स्टडइंट-जीसीसी हेडर दिसतो, तो याचसाठी.

तुमच्या पॅचचं मी असं करीन. आधी सगळ्या टेस्ट पॅचविना चालवून, पास होणाऱ्या बाजूला काढा. त्यांचे पॅटर्न दुरुस्त करा किंवा त्या टाकून द्या. फक्त प्रकाराचं नाव बदलून केलेल्या डझनभर फाइली असतील तर मॅक्रोचा एक हेडर करा, आणि ज्या रुंदीला कंपायलरमध्ये वेगळा रस्ता आहे तेवढ्याच ठेवा. आठ बिट आणि चौसष्ट बिट बहुतेकदा लागतात, मधलं प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एका ओळीत लिहा की कुठलं वर्तन राखायचंय. ते एका ओळीत लिहिता आलं नाही तर टेस्ट दोन करा. कमिट मेसेजमध्ये कुठल्या टेस्ट आधी फेल होत्या आणि कुठल्या लांब्यांवर चालवल्या ते द्या, म्हणजे रिव्ह्यूअरला ते पुन्हा विचारावं लागणार नाही. टेल आणि मास्क पॉलिसीच्या टेस्ट मात्र वेगळ्या पॅचमध्ये काढा. त्यांना क्यूईएमयूचे ते खास पर्याय लागतात, त्यावर चर्चा लांबेल, आणि बाकीच्या चांगल्या टेस्ट तोवर अडकून राहायला नकोत.